वाटेची रुंदी

महाराष्ट्रातील घरांत हिमवर्षाव पोहोचतो तो बहुधा छायाचित्राच्या रूपाने. अमेरिकेत किंवा कॅनडात स्थायिक झालेला मुलगा, पुतणी अथवा भाचा डिसेंबरातील एखाद्या सकाळी खिडकीतून टिपलेले दृश्य पाठवतो. पांढरी शुभ्र छपरे, हिमाने वाकलेल्या फांद्या, कोठेही पाऊल न उमटलेले अंगण. घरातील वडीलधारी मंडळी ते चित्र कौतुकाने पाहतात आणि शेजाऱ्यांनाही दाखवतात. त्या चित्रात एक गोष्ट मात्र दिसत नाही. घराच्या दारापासून सार्वजनिक रस्त्यापर्यंतची वाट त्या शुभ्रतेखाली गडप झालेली असते. ती मोकळी झाल्याखेरीज त्या घरातून कोणी बाहेर पडू शकत नाही आणि बाहेरून कोणी आत येऊ शकत नाही. शहरात ही वाट दहा-वीस पावलांची असते. फावड्याने तासाभरात काम उरकते. ग्रामीण भागात तीच वाट पाव किलोमीटर किंवा त्याहून लांब असते. तेथे फावडे अपुरे पडते आणि घरातील ट्रॅक्टर कामाला लागतो.

अमेरिकेच्या न्यूयॉर्क राज्यात, ऑन्टॅरिओ सरोवराच्या पूर्वेस, टग हिल नावाचे पठार आहे. हिमवर्षावासाठी ते त्या देशात विशेष प्रसिद्ध आहे. त्याचे कारण सह्याद्रीच्या कुशीत राहणाऱ्यांना सहज समजण्याजोगे आहे. पावसाळ्यात अरबी समुद्रावरून आलेले बाष्पयुक्त वारे घाटमाथ्याला अडतात, वर चढताना थंड होतात आणि महाबळेश्वरावर मुसळधार कोसळतात. टग हिलला हाच व्यवहार हिवाळ्यात घडतो. ऑन्टॅरिओ सरोवर सुमारे २४४ मीटर खोल असल्याने सहसा पूर्ण गोठत नाही. कॅनडाकडून येणारी अतिशीत हवा त्याच्या तुलनेने उबदार पाण्यावरून वाहते, बाष्प उचलते आणि पूर्वेकडील पठारावर चढताना ते हिमरूपाने सोडून देते. पठाराच्या अनेक भागांत एका हिवाळ्यात २०० इंचांहून अधिक हिम पडते. १९७६-७७ च्या हिवाळ्यात तेथील हूकर या ठिकाणी ४६६.९ इंच हिमाची नोंद झाली. पावसाळाभराच्या पावसाप्रमाणे ही एकूण हंगामाची बेरीज आहे. ती जवळजवळ १२ मीटर भरते.

अशा प्रदेशातील शेतघर रस्त्यापासून दूर असते. पुढे शेत, मागे झाडी आणि मधोमध घर. रस्ता ते घर हे अंतर ३०० मीटर धरले आणि वाट १२ फूट, म्हणजे सुमारे ३.६ मीटर रुंद धरली, तर एका रात्रीत पडलेल्या फूटभर हिमाचा हिशेब कागदावर मांडता येतो. घनफळ होते सुमारे ३२४ घनमीटर. ताजे, भुसभुशीत हिम एका घनमीटरला साधारण १०० किलो भरते. म्हणजे ३२ टनांहून अधिक माल त्या वाटेवर येऊन पडलेला असतो. एका फावड्यात पाच किलो उचलले, तर साडेसहा हजारांच्या आसपास फावडी होतात. वाऱ्याने दाबून बसवलेले हिम याच्या तिप्पट जड असू शकते. मग वजन शंभर टनांच्या घरात जाते. थंडीत असे ओझे उपसताना हृदयावर ताण येतो, आणि दर हिवाळ्यात फावडे हाती असताना हृदयविकाराचा झटका येऊन माणसे दगावतात. वय झालेल्या गृहस्थाने ट्रॅक्टर ठेवणे ही तेथे चैन समजली जात नाही, ती याच कारणाने.

हा ट्रॅक्टर केवळ हिमासाठी घेतलेला नसतो. उन्हाळ्यात तो गवत कापतो, पानगळीच्या दिवसांत लाकडे ओढतो आणि हिवाळ्यात वाट उघडतो. एकाच यंत्राला निरनिराळी अवजारे जोडण्याची ही सोय हॅरी फर्ग्युसन या उत्तर आयर्लंडमधील तंत्रज्ञाच्या कल्पकतेमुळे सर्वत्र रुजली. ट्रॅक्टरच्या मागे तीन ठिकाणी अवजार जोडून ते द्रवदाबाने उचलण्याची त्याची योजना १९३९ साली फोर्ड-फर्ग्युसन ट्रॅक्टरवर आली. आज महाराष्ट्रातील शेतकरी ज्या तीन बिंदूंवर कल्टिव्हेटर अडकवतो, त्याच तीन बिंदूंवर टग हिलचा शेतकरी हिम सरकवण्याचे पाते अडकवतो. तेथील गोठ्यांत मुंबईच्या महिंद्र कंपनीचे लाल ट्रॅक्टरही दिसतात. १९९४ पासून ही कंपनी अमेरिकेत ट्रॅक्टर विकत आहे.

हिमासाठी मुख्यतः तीन साधने वापरली जातात. पहिले मागचे पाते. ते तिरपे करता येते आणि हिम एका बाजूला लोटत जाते. दुसरे पुढच्या लोडरची बादली, जी हिम उचलून हव्या त्या जागी नेऊन टाकते. तिसरे हिम फेकणारे यंत्र, म्हणजे स्नो-ब्लोअर. ट्रॅक्टरच्या इंजिनावर फिरणारा मळसूत्री दांडा हिम आत ओढतो आणि वेगाने फिरणारा पंखा ते उंच नळकांड्यातून दूर भिरकावतो. पाते स्वस्त आणि वेगवान असते, पण ते हिमाला वाटेच्या कडेलाच ठेवते. स्नो-ब्लोअर महाग आणि संथ असतो, पण तो हिमाला पुष्कळ दूर पाठवतो. या फरकाला डिसेंबरात फारशी किंमत नसते. फेब्रुवारीत मात्र सारे त्यावरच अवलंबून राहते.

या कामाची खरी सुरुवात हिम पडण्याच्या कितीतरी आधी होते. जमीन गोठण्यापूर्वी, म्हणजे साधारण नोव्हेंबरच्या सुमारास, वाटेच्या दोन्ही कडांना चार-पाच फूट उंचीच्या काठ्या रोवल्या जातात. रात्री दिसाव्यात म्हणून त्यांच्या टोकाला चमकती पट्टी असते. एकदा सारे पांढरे झाले की वाट कोठे संपते आणि चर कोठे सुरू होतो, हे अनेक वर्षे तेथे राहिलेल्या माणसालाही सांगता येत नाही. मागच्या चाकांना साखळ्या चढवल्या जातात. पुढे भरलेली बादली उचलताना मागची चाके अधांतरी होऊ नयेत म्हणून ट्रॅक्टरच्या मागे वजन बांधले जाते. कडाक्याच्या थंडीत साध्या डिझेलमधील मेण गोठून गाळणीत अडकते. म्हणून आधीच हिवाळी डिझेल भरून ठेवले जाते आणि इंजिन उबदार ठेवणारा विजेवरचा हीटर तपासला जातो. स्नो-ब्लोअरच्या दांड्यात एक मुद्दाम कमकुवत ठेवलेला बोल्ट असतो. हिमात लपलेला दगड किंवा लाकूड आत आले की हा बोल्ट तुटतो आणि मौल्यवान गिअरबॉक्स वाचतो. असे पाच-सहा बोल्ट शहाणा माणूस खिशात ठेवतो. वादळाच्या रात्री ते विकत मिळत नाहीत.

पहिल्या हिमवर्षावाला वाट पूर्ण खरवडायची नसते. खडीची वाट अजून मऊ असते आणि पाते हिमाबरोबर खडीही लोटून देते. म्हणून पहिल्या एक-दोन खेपांना पाते दोन इंच वर धरून खाली हिमाचा थर दाबून बसू दिला जातो. जमीन गोठली की तो थर कठीण होतो आणि पुढचा सारा हिवाळा पाते त्यावरून फिरते. घाईने पहिल्याच दिवशी वाट काळी दिसेपर्यंत खरवडणारा गृहस्थ वसंत ऋतूत हिरवळीतून खडी वेचत बसतो.

तरीही या साऱ्यात सर्वांत महत्त्वाचा नियम वेगळाच आहे, आणि नवखा माणूस नेमका तेथेच चुकतो. पहिल्या हिमवर्षावाला हिम वाटेच्या कडेपलीकडे जितके दूर लोटता येईल तितके दूर लोटावे लागते. त्या दिवशी हिम असते सहा इंच. काम अर्ध्या तासाचे. कडेला लहानसा बांध तयार होतो, वाट स्वच्छ दिसते आणि आणखी पाच-सहा फूट पुढे जाऊन तो बांध मागे सारण्याची गरज कोणालाही वाटत नाही. इंधन लागते, वेळ लागतो आणि लाभ काहीच दिसत नाही.

पण हिमाचा एक गुण असा की हलवलेले हिम सैल राहत नाही. पात्याने लोटताना त्याचे कण मोडतात, एकमेकांना चिकटतात आणि काही तासांत तो ढीग घट्ट बसतो. दुसऱ्या दिवशी पाते त्याला हलवू शकत नाही. पुढच्या वादळाचे हिम मग त्या बांधाला टेकून आतल्या बाजूला साचते. प्रत्येक खेपेला वाट दोन्हीकडून चार-सहा इंचांनी आक्रसते. गोदामात जुना माल दाराशीच रचून ठेवला तर नव्या मालाला जागा कोठून मिळणार, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. येथेही प्रश्न साठवणुकीचाच असतो. आजचे हिम कोठे ठेवले यावर पुढच्या तीन महिन्यांच्या हिमाला जागा राहील की नाही, हे ठरते.

डिसेंबरात १२ फूट असलेली वाट अशा रीतीने फेब्रुवारीत आठ फुटांवर येते. आणि हे घरातल्या कोणाच्याही ध्यानात येत नाही. घरची मोटार सहा-साडेसहा फूट रुंद असते. ती रोज सुखरूप जाते, सुखरूप येते. मालकाच्या मनात वाट उघडी असते. परंतु आग विझवणारा बंब सुमारे साडेआठ फूट रुंद असतो आणि त्याचे आरसे त्याहूनही बाहेर येतात. घर उबदार ठेवणाऱ्या गॅसचा टँकरही जवळपास तेवढाच असतो. या गाड्या रोज येत नाहीत. टँकर महिन्या-दीड महिन्याने येतो, बंब कदाचित कधीच येत नाही. पण ज्या रात्री तो येतो, त्या रात्री वाट रुंद करण्यास कोणाजवळ वेळ नसतो.

टग हिलच्या परिसरात सत्तरी ओलांडलेले पती-पत्नी अशा घरात एकटेच राहत असल्याचे चित्र मुळीच विरळ नाही. मुले दूरच्या शहरांत, शेजाऱ्याचे घर अर्ध्या मैलावर. मध्यरात्री पत्नीच्या छातीत दुखू लागले तर दूरध्वनी करून रुग्णवाहिका बोलावता येते. गावातील स्वयंसेवक अंथरुणातून उठून निघतात. सार्वजनिक रस्ता सरकारी नांगराने मोकळा केलेला असतो. शेवटचे ३०० मीटर मात्र त्या घराचे असतात. ते मोकळे आणि पुरेसे रुंद असतील तर रुग्णवाहिका दाराशी उभी राहते. नसतील तर स्ट्रेचर गुडघाभर हिमातून पायी न्यावे लागते. पहाटे चार वाजता उठून ट्रॅक्टर सुरू करणारा वृद्ध गृहस्थ या शक्यतेचा उच्चार करीत नाही, परंतु त्याच्या उठण्यामागे ती असते.

मदत पोहोचू न शकणे म्हणजे काय, याचा अनुभव त्याच राज्यातील बफेलो शहराने डिसेंबर २०२२ मध्ये घेतला. नाताळच्या सुमारास आलेल्या हिमवादळात रुग्णवाहिका आणि बंब रस्त्यांतच अडकून पडले. बफेलो आणि परिसरात चाळीसहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. कोणी अडकलेल्या मोटारीत गारठून, कोणी हिम उपसताना हृदय थांबून, तर कोणी वैद्यकीय मदत वेळेत न पोहोचल्यामुळे. सार्वजनिक रस्ता इतका बंद पडल्यावर एकट्या घरमालकाच्या हाती फार थोडे उरते. आपल्या हद्दीतील वाट मात्र त्याच्याच हाती असते.

म्हणून जाणते लोक दोन गोष्टी करतात. मोठ्या वादळात ते हिम थांबण्याची वाट पाहत नाहीत. सहा-आठ इंच साचले की एक फेरी मारतात, पुन्हा साचले की पुन्हा मारतात. यंत्राला दोन फूट हिम एकदम ओढणे जड जाते, चार वेळा सहा इंच सोपे जाते. आणि हवा निवळली की, वाट स्वच्छ दिसत असतानाही, ते एक जादा फेरी केवळ कडांसाठी मारतात. बादलीने बांध मागे सारतात किंवा स्नो-ब्लोअरने तो फोडून शेतात उडवून देतात. त्या दिवशी या फेरीचे फळ काहीच दिसत नाही.

हिम कोणत्या बाजूला टाकायचे, यालाही शास्त्र आहे. वारा ज्या बाजूने येतो तिकडे ढीग रचला तर तो भिंतीसारखा वाऱ्याला अडवतो आणि त्याच्या आडोशाला, म्हणजे नेमके वाटेवर, उडते हिम येऊन बसते. म्हणून ढीग वारा ज्या दिशेला जातो तिकडे असावा. उलट, वाऱ्याच्या बाजूला पुष्कळ दूर जाळीदार कुंपण घातले तर हिम तेथेच खाली बसते आणि वाट वाचते. हे अंतर कुंपणाच्या उंचीच्या सुमारे ३५ पट धरतात. चार फुटांच्या कुंपणाला १४० फूट. मिनेसोटा राज्यात महामार्गालगतच्या शेतकऱ्यांनी मक्याच्या काही ओळी हिवाळाभर उभ्या ठेवाव्यात म्हणून शासन त्यांना मोबदला देते. न कापलेल्या पिकातूनही उत्पन्न होते, ते असे.

वाट जेथे सार्वजनिक रस्त्याला मिळते, ते तिचे तोंड सर्वांत त्रासाचे. सरकारी नांगर हिम उजवीकडे लोटत जातो आणि नुकत्याच मोकळ्या केलेल्या तोंडाशी जड, गोळाबंद हिमाचा बांध टाकून जातो. चालकावर रागावून उपयोग नसतो; त्याला मैलोन्‌मैल रस्ता उघडायचा असतो. अनुभवी माणूस रस्त्याकडे तोंड करून उभे राहिल्यावर डाव्या हाताला, नांगर ज्या बाजूने येतो तिकडे, रस्त्याच्या कडेला एक मोकळा कप्पा करून ठेवतो. नांगराचा बराचसा भार त्या कप्प्यात पडतो आणि तोंड पुष्कळसे मोकळे राहते. आपले हिम उचलून सार्वजनिक रस्त्यावर किंवा पलीकडे ढकलणे मात्र न्यूयॉर्कसह अनेक राज्यांत कायद्याने मना आहे. आपली अडचण दुसऱ्याच्या वाटेत टाकू नये, हा त्यामागील साधा न्याय.

यंत्र जितके उपयोगी तितकेच निर्दय असते. ट्रॅक्टरमागचा फिरता दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. गळ्यातील मफलरचे टोक त्यात अडकले तर सोडवायला अवधी मिळत नाही. नळकांडे हिमाने तुंबले तर इंजिन पूर्ण बंद करून, सारे फिरणे थांबल्यावर, काठीनेच ते मोकळे करायचे असते. हात घालायचा नसतो. भरलेली बादली जमिनीलगत ठेवूनच चालायचे असते. बंद गोठ्यात इंजिन तापत ठेवले तर त्याचा वास नसलेला विषारी वायू प्राण घेतो. आणि कडेच्या उंच ढिगांत मुले भुयारे खोदून खेळतात. म्हणून ट्रॅक्टर सुरू होण्यापूर्वी घरातील प्रत्येक मूल कोठे आहे हे विचारण्याची रीत चांगल्या घरांत पाळली जाते.

दाबून कठीण झालेल्या थरावर मीठ टाकण्याचा मोह अनेकांना होतो. मिठाने बर्फ वितळतो, पण मीठ नाहीसे होत नाही. ते वितळत्या पाण्याबरोबर विहिरीत, ओढ्यात आणि सरोवरात उतरते. पाण्यातील जीव त्याने मरतात आणि विहिरीचे पाणी खारावते. कडाक्याच्या थंडीत तर मिठाचा उपयोगही फारसा होत नाही. खडीच्या लांब वाटेवर म्हणूनच बहुतेक जण वाळू पसरतात. चाकांना पकड मिळते आणि वसंतात वाळू जमिनीतच राहते.

ज्यांच्याजवळ ट्रॅक्टर नाही, ते कंत्राटदार ठरवतात. दर फेरीमागे पैसे किंवा हंगामाची ठोक रक्कम, असे दोन प्रकार रूढ आहेत. ठोक रकमेत कमी हिमाच्या वर्षी कंत्राटदाराचा लाभ, जास्त हिमाच्या वर्षी घरमालकाचा. विम्याचेच हे एक साधे रूप आहे. याखेरीज एक तिसरा प्रकार आहे. त्याची नोंद कोणत्याही वहीत होत नाही. ट्रॅक्टरवाला शेजारी स्वतःची वाट उरकून परतताना वृद्ध विधवेच्या अंगणात वळतो, दोन फेऱ्या मारतो आणि दार न ठोठावता निघून जातो. कधी उन्हाळ्यात त्याच्या ओसरीवर भाज्यांची टोपली येते, कधी येत नाही. पुढच्या हिमवर्षावाला तो पुन्हा वळतो.

मार्च संपता संपता हिम आटू लागते. कडांचे ढीग मळकट होतात, खचतात आणि एप्रिलात एक दिवस रोवलेल्या काठ्या पूर्ण उघड्या पडतात. गृहस्थ त्या उपटून गोठ्यात ठेवतो आणि साखळ्या उतरवून तेल लावतो. हिवाळाभर बंब आला नसेल, रुग्णवाहिकाही आली नसेल. कडांसाठी मारलेल्या जादा फेऱ्यांच्या इंधनाचा खर्च वहीत मांडला तर त्याच्यासमोर जमेला लिहिण्यासारखे काही सापडत नाही. नोव्हेंबरात तो पुन्हा काठ्या काढतो, टेपने १२ फूट मोजतो आणि त्याच जागी रोवतो.